बेल्जियन आणि आयरिश क्राफ्ट बिअरला गुण देताय? आधी या चुका टाळा

ब्रुसेल्सच्या अँडरलेख्त भागातल्या कांतियों ब्रुअरीची ग्यूझ ही आंबट बिअर एखाद्याने आयुष्यात पहिल्यांदा तोंडाला लावावी, चेहरा वाकडा करावा आणि पुढच्याच मिनिटाला ॲपवर ‘व्हिनेगर, एक तारा’ अशी नोंद करून मोकळे व्हावे, हे दृश्य आता इतके नेहमीचे झाले आहे की त्याचे आश्चर्य वाटेनासे झाले आहे. वैताग येतो तो ती नोंद वाचून दुसरा कोणीतरी ती बाटली दुकानात परत ठेवतो तेव्हा. डब्लिनमध्ये नोकरीनिमित्त राहणारी आणि चार दिवसांची सुटी मिळाली की बेल्जियम गाठणारी जी मराठी मंडळी आहेत, त्यांच्याबरोबर अशा चाखण्याच्या बैठकी मी बऱ्याच केल्या आहेत, आणि त्यातून माझे एक मत पक्के झाले आहे: नवशिक्यांनी दिलेले बहुतेक कमी गुण हे बिअरचे नसतातच. बिअर किती थंड होती, कशाच्या मागून प्यायली गेली, बाटली किती जुनी होती आणि पिणाऱ्याला पुढची बाटली उघडण्याची किती घाई झाली होती, याचा तो हिशेब असतो.

खाली ज्या चुका दिल्या आहेत त्यांतल्या दोन-तीन माझ्या विशेष नावडत्या आहेत, त्यामुळे त्यांच्यावर जास्त शाई खर्च झाली आहे. उरलेल्यांना एखाद-दुसरे वाक्य पुरेसे आहे.

सर्वांत जड बिअर सर्वांत आधी, आणि तीही गोठवून

बेल्जियममधल्या लूव्हेन शहरात राहणाऱ्या एका परिचितांच्या घरी झालेली बैठक मी या चुकीचा नमुना म्हणून नेहमी सांगतो. यजमानांनी हौसेने उत्तम बाटल्या जमवल्या होत्या: रोशफोर १०, वेस्टमालची ट्रिपल (जोरकस सोनेरी बिअर), ड्यूव्हल, सेझों द्यूपों, आणि डब्लिनहून आलेल्या पाहुण्यांनी सामानात जपून आणलेली ओहाराजची आयरिश स्टाउट, म्हणजे भाजलेल्या धान्याची काळी बिअर. टेबलावर चकणा म्हणून लसूण शेव, चकली आणि चांगले तिखट भडंग होते. शेजारच्या कोनाड्यातल्या देवघरात चंदनाची उदबत्ती जळत होती. बाटल्या सकाळपासून फ्रीजरमध्ये होत्या आणि रोशफोरच्या गळ्याशी बर्फाचे पापुद्रे दिसत होते. मी क्रम बदलण्याची सूचना केली तेव्हा त्यांच्यातला एक उत्साही तरुण म्हणाला, “दादा, सगळ्यात भारी आहे ती आधी घेऊ या ना, नंतर जिभेला काय कळणार?” जिभेला नंतर काही कळत नाही हे त्याचे निदान अगदी बरोबर होते; त्यावरचा उपाय मात्र नेमका उलटा होता.

रोशफोर १० मध्ये ११.३ टक्के मद्यार्क असतो. ती दाट, गोडसर आणि ऊबदार बिअर आहे. तिच्यात मनुका, अंजीर, काळा गूळ आणि किंचित भाजलेल्या पावाचा गंध असतो, पण हे सगळे बारा अंशांच्या आसपास उलगडते. शून्याजवळ गोठवलेल्या घोटात त्या तरुणाला फक्त गोडवा आणि मद्यार्काची जळजळ मिळाली, कारण थंडीत गंधाचे रेणू द्रवातून नीट बाहेर पडतच नाहीत. त्याने लिहिले, “ओव्हररेटेड.” त्यानंतर साडेनऊ टक्क्यांची ट्रिपल आणि साडेआठ टक्क्यांची ड्यूव्हल झाली, मधूनमधून भडंगाच्या मुठी झाल्या, आणि शेवटी ४.३ टक्क्यांची बिचारी आयरिश स्टाउट ग्लासात आली. तिला सर्वानुमते ‘पाणचट’ ठरवून पाचपैकी दोन तारे देण्यात आले. ती बाटली शेकडो किलोमीटर वाहून आणणाऱ्या पाहुण्यांचे चेहरे पाहण्यासारखे झाले होते.

त्याच खेपेतली एक बाटली शिल्लक राहिली होती. काही दिवसांनी मी ती नाव न सांगता, बैठकीच्या आरंभी, फ्रीजमधून काढून वीस मिनिटे बाहेर ठेवून, त्याच तरुणाला दिली. त्याने डोळे मिटून भाजलेली कॉफी, कडू चॉकलेट आणि शेवटी स्वच्छ कोरडेपणा अशी नोंद केली आणि चार तारे दिले. बाटलीत काहीही बदललेले नव्हते.

म्हणून माझी सवय अशी की क्रम नेहमी हलक्याकडून जडाकडे, कोरड्याकडून गोडाकडे आणि कमी भाजलेल्या माल्टकडून (मोड आणून वाळवलेल्या धान्याकडून) जास्त भाजलेल्याकडे ठेवायचा. विटबिअर (गव्हाची गढूळ बिअर) किंवा आयरिश पेल एल (फिकट, हलकी बिअर) आधी, मग सेझों (शेतघरांच्या शैलीची कोरडी बिअर), मग आयरिश रेड आणि स्टाउट, मग डबल (तपकिरी, जड) आणि ट्रिपल, आणि रोशफोर १० सारखी गडद क्वाड्रुपल सर्वांत शेवटी. आंबट बिअर मी एक तर अगदी वेगळ्या दिवशी घेतो, नाहीतर मध्ये बराच वेळ आणि साधा पाव ठेवून घेतो. एका बैठकीत चार प्रकार, फार तर पाच. त्यापुढे जी नोंद होते ती कल्पनाविलासात जमा करावी. चकण्याला माझा विरोध नाही, तिखट भडंग मलाही आवडते, पण ते गुण देऊन झाल्यावर खावे. चाखताना साधा पाव आणि पाणी एवढेच असावे, आणि उदबत्ती त्या तासापुरती विझवली तर देव रागावणार नाही.

तापमानासाठी थर्मामीटर घेऊन बसण्याची गरज नाही. घरचा फ्रीज साधारण चार अंशांवर असतो. हलकी बिअर त्यातून काढून दहा-पंधरा मिनिटांनी, ट्रिपल अर्ध्या तासाने आणि रोशफोर किंवा शिमे ब्ल्यूसारखी गडद बिअर पाऊण तासाने उघडावी, हा माझा अंदाजपंचे नियम युरोपातल्या घरांत ठीक चालतो. मुंबई-पुण्यात हाच वेळ जवळपास निम्मा करावा. ‘ही बिअर रूम टेंपरेचरला प्यायची असते’ असे कुठेतरी वाचून एप्रिल महिन्यात मुंबईत बत्तीस अंशांची क्वाड्रुपल पिणारे महाभागही मी पाहिले आहेत. तो सल्ला लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर बेल्जियमचे तळघर होते, परळचा फ्लॅट नव्हता.

आंबट आणि रानटी वासाची म्हणजे बिघडलेली

ही माझी सर्वांत नावडती चूक आहे, कारण ती करणाऱ्याला आपण दोष शोधून काढला असा अभिमान असतो. सोलकढी गोड नाही म्हणून तिला नापास करण्याइतकेच यात शहाणपण आहे.

ब्रुसेल्स आणि त्याच्या नैर्ऋत्येला असलेल्या झेन नदीच्या खोऱ्यात बनणारी लँबिक ही मुळातच बाहेरून यीस्ट न घालता आंबवली जाते. गहू आणि बार्लीचा उकळलेला काढा थंडीच्या मोसमात रात्रभर उथळ, पसरट, उघड्या हौदात निवत ठेवतात. हवेतले आणि पुढे लाकडी पिंपांतले यीस्ट व जिवाणू त्याचा ताबा घेतात आणि महिनोन्महिने, कधी वर्षानुवर्षे, काम करत राहतात. एक, दोन आणि तीन वर्षांच्या लँबिकचे मिश्रण बाटलीत पुन्हा आंबले की ग्यूझ तयार होते. तिच्यातला आंबटपणा मुख्यतः लॅक्टिक आम्लाचा असतो, म्हणजे ताकातला असतो तो, आणि तोच तिचा कणा आहे. तिला आंबट म्हणून गुण कापणे म्हणजे प्रश्नपत्रिका न वाचता उत्तरपत्रिका तपासण्यासारखे झाले.

मग ग्यूझ बिघडूच शकत नाही का? अवश्य बिघडते, आणि तो फरक नाकाला शिकवता येतो. ग्लास नाकाजवळ नेताच डोळ्यांत पाणी आणणारा, नाकात सुई टोचावी तसा झणका आला तर तो ॲसेटिक आम्लाचा, म्हणजे खऱ्या व्हिनेगरचा आहे, आणि ग्यूझमध्ये तो पुढे आलेला असेल तर गुण जरूर कापावेत. रोडेनबाखसारख्या पश्चिम फ्लँडर्सच्या लालसर-तपकिरी बिअरमध्ये मात्र थोडा व्हिनेगरचा अंश शैलीला धरूनच असतो. ओकच्या प्रचंड पिंपांत मुरलेली जुनी बिअर आणि ताजी बिअर यांचे मिश्रण करून ती बनवतात, आणि तिच्यातल्या चेरीसारख्या गोडव्याला त्या आम्लाची जोड लागते. एकच गंध एका शैलीत दोष आणि दुसऱ्या शैलीत गुण ठरतो, हे ज्याला मान्य नाही त्याने तारे देण्याच्या भानगडीत पडू नये.

उलट टोकाला गोड चेरीचे सरबत वाटावे अशी क्रीक, म्हणजे चेरीची लँबिक, पिऊन ‘लँबिक मला फार आवडते’ म्हणणारेही भेटतात. आवडू द्यावी, पण पुढची बाटली घेताना लेबलवर ‘औद ग्यूझ’ किंवा ‘औद क्रीक’ असे लिहिले आहे का ते पाहावे. युरोपीय संघाच्या नियमांनी या नावांना संरक्षण दिलेले आहे आणि ती पारंपरिक, लँबिकपासूनच बनलेल्या बिअरसाठी राखीव आहेत. या दोन्ही प्रकारच्या बाटल्यांना एकाच रकान्यात ठेवून सरासरी काढणाऱ्यांची मला कीव येते.

आता ऑरव्हाल. बेल्जियमच्या दक्षिणेला, फ्रान्सच्या सीमेजवळच्या या मठातली ब्रुअरी १९३१ मध्ये सुरू झाली. बाजारात मिळणारी तिची बिअर एकच, ६.२ टक्क्यांची, आणि त्या एकाच बिअरवरून मी जितके वाद ऐकले आहेत तितके दुसऱ्या कोणत्याही बाटलीवरून ऐकलेले नाहीत. एक गृहस्थ सांगतात की ती संत्र्याच्या सालीसारखी सुगंधी आणि चांगली कडवट आहे. दुसरे सांगतात की ती हाडासारखी कोरडी आहे आणि तिला जुन्या चामड्याचा, वाळलेल्या गवताचा वास येतो. एका बैठकीत तर एकाने दुसऱ्याची बाटली नकली असल्याचा निष्कर्षही काढला होता. दोघांच्याही हातात अस्सल ऑरव्हालच होती. एकाची काही आठवड्यांपूर्वी भरलेली आणि दुसऱ्याची दोन वर्षांहून जुनी.

ही बिअर बाटलीत भरताना तिच्यात ब्रेटॅनोमायसिस हे रानटी यीस्ट घातलेले असते. नेहमीच्या यीस्टला न पचलेल्या शर्करा ते सावकाश पचवत राहते, त्यामुळे महिने उलटतील तसा गोडवा घटतो, हॉप्स या कडवट फुलांचा ताजा गंध मावळतो आणि चामडे-गवताचा तो गावरान वास वर येतो. म्हणजे ताजी आणि मुरलेली ऑरव्हाल या दोन वेगळ्या बिअर आहेत असे समजूनच गुण द्यायला हवेत. यासाठी फार कष्ट पडत नाहीत, कारण बाटली भरल्याची तारीख लेबलवर छापलेली असते. मी ऑरव्हालच्या प्रत्येक नोंदीत बिअरच्या नावाच्या आधी ती तारीख लिहितो, आणि शक्य असेल तेव्हा एकाच तारखेच्या काही बाटल्या घेऊन, अंधाऱ्या कपाटात उभ्या ठेवून, अंतराअंतराने उघडतो. इतका धीर नसेल तर बेल्जियममधल्या काही चांगल्या बारमध्ये ताजी आणि मुरलेली अशा दोन्ही मिळतात. दोन ग्लास शेजारी ठेवून पाहिल्यावर वाद आपोआप मिटतो.

मुरवण्याचे हे कौतुक वाचून कोणी कपाटात आयपीए (भरपूर हॉप्सची कडवट बिअर) साठवू नये. हॉप्सच्या सुगंधावर उभी असलेली बिअर, मग ती गॉलवेची असो की ब्रुसेल्सची, दर महिन्याला उतरत जाते. दोन वर्षांची आयपीए उघडून ‘आयरिश लोकांना हॉप्स कळत नाहीत’ असे लिहिणाऱ्याने तळाशी छापलेली तारीख वाचलेली नसते.

आयरिश बिअरला बेल्जियन फूटपट्टी

बेल्जियममधून थेट आयर्लंडला येणाऱ्यांची तक्रार ठरलेली असते: हिच्यात काही दम नाही. साडेनऊ टक्क्यांच्या ट्रिपलवर वाढलेल्या जिभेला सव्वाचार टक्क्यांची बिअर दबलेली वाटणार हे उघड आहे. पण ती मुळात ५६८ मिलिलिटरच्या पिंटमध्ये, गप्पांच्या ओघात, एकामागून एक पिता यावी म्हणून बनवलेली असते. गॉलवे हूकर ही २००६ मध्ये आलेली आयरिश पेल एल घ्या. तिची मद्यार्काची मात्रा जेमतेम ४.३ टक्के आहे. पहिल्या दोन घोटांत ती फार काही सांगत नाही. अर्धा पिंट झाल्यावर बिस्किटासारखा माल्ट आणि हॉप्सचा कडवटपणा यांचे जे जमलेले गणित लक्षात येते, तेच तिचे कौशल्य आहे. म्हणून आयरिश सेशन बिअरला, म्हणजे अशा सलग पिण्याच्या हलक्या बिअरला, मी पहिला पिंट संपेपर्यंत गुण देतच नाही. दुसरा घ्यावासा वाटतो का, हा प्रश्न तिथे इतर सर्व रकान्यांपेक्षा मोठा आहे. रोशफोरला हा प्रश्न विचारण्यात मात्र काही अर्थ नाही. तिचा दुसरा ग्लास सहसा उद्याच्या सकाळवर घाला घालतो.

आयरिश रेडची तऱ्हा आणखी वेगळी. लाल रंग पाहून लोक फळांची किंवा कॅरमेलची मिठाई शोधू लागतात आणि निराश होतात. त्या रंगात भाजलेल्या बार्लीच्या छोट्याशा मात्रेचाही वाटा असतो, आणि तीच बार्ली शेवटच्या घोटाला कोरडेपणा देते. गोडवा अल्प आणि शेवट कोरडा असेल तर रेड एलने आपले काम चोख केले आहे असे समजावे.

स्टाउटमध्ये सर्वांत मोठा गोंधळ नायट्रोजनचा आहे. गिनेसने १९५९ मध्ये नळाच्या बिअरसाठी नायट्रोजनचा वापर सुरू केला, आणि त्यानंतर मलईसारखा फेस म्हणजेच स्टाउट अशी जगाची समजूत झाली. नायट्रोजन द्रवात फारसा विरघळत नाही. त्याचे बुडबुडे अगदी बारीक असतात, त्यामुळे तोंडात लोण्यासारखी मऊ भावना येते, पण कार्बन डायऑक्साइडची चुणचुण कमी होते आणि गंधही दबतो. कार्लो ब्रुइंग कंपनी १९९६ पासून काम करते आहे. तिच्या ओहाराज स्टाउटचा बाटलीतला अवतार कार्बन डायऑक्साइडवर असतो. त्यात भाजणीचा कडवटपणा आणि कॉफीचा वास नळावरच्या नायट्रो अवतारापेक्षा कितीतरी स्पष्ट जाणवतो. दोन्हींची नोंद एकाच नावाखाली करणे हा निव्वळ आळस आहे. नोंदीत ‘बाटली’, ‘नळ’ किंवा ‘नळ, नायट्रो’ एवढे एक-दोन शब्द जास्त लिहायला कोणाच्या बोटांना इजा होत नाही.

नायट्रो स्टाउट ग्लासात आल्याबरोबर उचलून प्यायची घाईही करू नये. ती दोन टप्प्यांत ओततात, मधल्या वेळात तपकिरी लाटा खाली-वर होऊन काळा द्रव आणि पांढरा फेस वेगळे होतात, आणि तोवर हात बाजूला ठेवायचे असतात. पब भरलेला असताना बारवाल्याच्या मागे ‘झाली का’ म्हणून लागणाऱ्या पर्यटकांकडे तो ज्या नजरेने पाहतो, ती नजर एकदा पाहून घ्यावी. आणि शंभर मिलिलिटरच्या नमुना-ग्लासात नायट्रो स्टाउट मागवून तिला गुण देणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे की त्यांनी प्रामुख्याने फेसाला गुण दिले आहेत.

आयरिश स्टाउट म्हणजे गिनेस ही समजूतही इथेच सोडावी. डब्लिनच्या टेंपल बार भागात १९९६ पासून असलेल्या पोर्टरहाउस पबची ऑयस्टर स्टाउट खऱ्या कालवांसह बनते आणि तिच्यात हलकासा समुद्री खारेपणा शोधण्यात मजा आहे. ओहाराजची ल्यान फोलान ही ६ टक्क्यांची एक्स्ट्रा स्टाउट अंगाने भरदार आणि चॉकलेटी आहे. या दोन्ही गिनेससारख्या लागत नाहीत म्हणून गुण कापलेले मी स्वतःच्या डोळ्यांनी वाचले आहे.

खरा दोष आला की त्याला ‘कॉम्प्लेक्स’ म्हणणे

शैली समजून घ्या असे सांगितले की काही जण दुसऱ्या टोकाला जातात आणि प्रत्येक घाणेरड्या वासाला परंपरेचे लेणे समजू लागतात. सेझों द्यूपोंची बाटली हिरवी असते. हिरवी काच तपकिरी काचेइतका प्रकाश अडवत नाही, त्यामुळे दुकानाच्या खिडकीत उजेडात राहिलेल्या बाटलीत हॉप्समधल्या घटकांची प्रकाशाशी प्रक्रिया होऊन एक उग्र, जळक्या रबराच्या अंगाने जाणारा वास तयार होतो. तो सेझोंचा ‘शेतकरी बाज’ नव्हे, तो दोष आहे. माझा उपाय साधा आहे: शेल्फवरची पुढची बाटली न घेता खोक्यातली, उजेड न पाहिलेली बाटली मागायची. भर उन्हात पबच्या अंगणात ग्लास घेऊन बसणाऱ्यांची बिअर तर काही मिनिटांतच अशी बिघडू शकते. सावलीची खुर्ची पकडावी.

ओल्या पुठ्ठ्याचा वास म्हणजे बिअर जुनी होऊन ऑक्सिजनने खाल्ली गेलेली आहे. उकडलेल्या मक्याचा वास फिक्या बिअरमध्ये जाणवला तर उकळण्यात किंवा आंबवण्यात काहीतरी चुकले आहे. लोण्याचा, चित्रपटगृहातल्या पॉपकॉर्नचा वास डायॲसिटिलचा असतो. नळाच्या बिअरमध्ये तो आंबटपणाच्या जोडीने आला तर ब्रुअरीला दोष देण्याआधी नळ्या साफ आहेत का, अशी शंका घ्यावी. डब्लिनच्या एका पबमध्ये एका सकाळी उघडल्या-उघडल्या घेतलेला रेड एलचा पिंट असाच निघाला होता. बरोबरच्या मंडळींनी मोबाइल काढून ब्रुअरीला दीड तारा देण्याची तयारी केली होती. मी पिंट परत दिला, बारवाल्याने स्वतः वास घेतला, काही न बोलता दुसऱ्या नळावरचा दिला आणि पहिला नळ बंद केला. सभ्य शब्दांत सांगितले तर आयर्लंडमध्ये यावरून कोणी हुज्जत घालत नाही. नळीतल्या घाणीची शिक्षा बिअरला देऊ नये, एवढीच अपेक्षा आहे.

नाव वाचून गुण देणे

वेस्टफ्लेतेरेन १२ ही बेल्जियमच्या एका मठातली बिअर मिळायला कठीण असल्यामुळेच पुष्कळांना ती जगातली सर्वोत्तम बिअर वाटते. तिच्या मठाजवळच वाटू या गावी सिंट बर्नार्डस ब्रुअरी आहे, जिने १९४६ पासून १९९२ पर्यंत त्या मठाच्या परवान्याने बिअर बनवली. तिची आब्ट १२ सहज मिळते आणि तुलनेने स्वस्त पडते. या दोन बाटल्या एकाच तापमानाला, एकसारख्या ग्लासांत, दुसऱ्या कोणाच्या तरी हातून ओतून घ्याव्यात आणि मग कोणती कोणती ते ओळखावे. त्या क्षणी टेबलाभोवती पसरणारी शांतता फार बोलकी असते. मला स्वतःला दोन्ही आवडतात, पण पाचपैकी पाच तारे हे बाटली मिळवण्याच्या खटपटीला दिलेले असू नयेत.

मालकी हाही असाच एक पूर्वग्रह आहे. कॉर्कमधली फ्रान्सिस्कन वेल ब्रुअरी १९९८ पासूनची; २०१३ मध्ये ती मोल्सन कूर्सने विकत घेतली. तिची बिअर ‘आता क्राफ्ट राहिली नाही’ म्हणून घ्यायची नाही, असे कोणी ठरवले तर तो त्याचा अधिकार आहे, परंतु मालक बदलल्याचे कळताच चवीचे गुण बदलत असतील तर आपण जीभ वापरलेली नाही.

गुण द्यायचेच असतील तर निदान ते कशाचे आहेत हे ठरवावे. बिअर जज सर्टिफिकेशन प्रोग्रॅमच्या पन्नास गुणांच्या तक्त्यात गंधाला १२, रूपाला ३, चवीला २०, तोंडातल्या स्पर्शाला ५ आणि एकूण प्रभावाला १० गुण असतात. रूपाला फक्त तीन, हे विशेषतः ज्यांची पहिली पाच मिनिटे ग्लासाचा फोटो काढण्यात जातात आणि ज्यांचा फेस तोवर बसून गेलेला असतो, त्यांनी लक्षात ठेवावे. माझ्या वहीत मी दोनच आकडे लिहितो: बिअर आपल्या शैलीला किती उतरली, हा पहिला, आणि मला किती आवडली, हा दुसरा. उत्तम बनलेली पण मला न आवडणारी बिअर असू शकते, आणि या दोन गोष्टींची खिचडी केली की दोन्ही वाया जातात. आकडा ग्लास संपल्यावरच लिहितो. शब्द मात्र पहिल्या वासाबरोबर.

शब्दांबाबत एक सांगायचे आहे. इतरांच्या नोंदींमधून ‘घोड्याची झूल’, ‘स्टोन फ्रूट’ असे शब्द उचलून स्वतःच्या नावावर खपवू नयेत. ज्याने जन्मात घोड्याची झूल हुंगली नाही त्याला तो वास बिअरमध्ये कसा सापडतो, हे कोडे मला सुटलेले नाही. आपल्या स्वयंपाकघरात लवंग, धणे, वेलची केळे, चिंच, काकवी, खारीक हे सगळे आहे, आणि बेल्जियन बिअरचे वर्णन करायला यापेक्षा मोठा कोश लागत नाही. मात्र लवंगेचा वास आला म्हणून लवंग घातली आहे असे लिहून मोकळे होऊ नये. बेल्जियन एलमधला लवंगेचा आणि केळ्याचा गंध बहुतेक वेळा यीस्टची करामत असते. हूगार्डनसारख्या विटबिअरमध्ये धणे आणि संत्र्याची साल खरोखरच घालतात, आणि त्यामुळे फरक शिकायला ती सर्वांत सोपी शाळा आहे.

थोडक्यात सांगण्यासारख्या

काळी बिअर म्हणजे कडक हा समज सोडावा. नळावरची गिनेस ४.२ टक्के असते आणि सोनेरी ड्यूव्हल ८.५ टक्के.

ग्लासाला तेलाचा किंवा साबणाचा अंश राहिला की फेस मरतो. बिअरचे ग्लास वेगळ्या घासणीने धुऊन, भरपूर पाण्याने खळखळून, कापडाने न पुसता पालथे घालून वाळवावेत.

प्रत्येक ब्रुअरीचा स्वतंत्र ग्लास जमवणे हा छंद आहे, चाखण्याची अट नव्हे. तोंडाशी किंचित निमुळता होणारा एक वाइन ग्लास स्टाउटच्या बाटलीपासून ट्रिपलपर्यंत सगळ्यांना पुरतो.

बाटलीच्या तळाचा गाळ म्हणजे यीस्ट असते, बिघाड नव्हे. आधी सावकाश, न हिंदकळता ओतून वरची स्वच्छ बिअर चाखावी, गुण द्यावेत, आणि मग हवा तर गाळ मिसळून पाहावा. विटबिअरचा अपवाद, कारण ती गढूळच प्यायची असते.

सर्दी झालेली असताना, सिगारेटनंतर लगेच, किंवा अंगावर अत्तर फवारून गुण देऊ नयेत. नाक बंद असेल तर बिअर प्यावी, वही बंद ठेवावी.

बैठकीला गाडी घेऊन जाऊ नये. आयर्लंड आणि बेल्जियम या दोन्ही देशांत सर्वसाधारण चालकासाठी रक्तातल्या मद्यार्काची मर्यादा १०० मिलिलिटरला ५० मिलिग्रॅम आहे, आणि साडेनऊ टक्क्यांच्या ‘दोनच’ बाटल्या म्हणजे किती, याचा अंदाज ट्रिपलच्या गोडव्यात हमखास चुकतो.

भारतात येताना बाटल्या आणणाऱ्यांसाठी शेवटची चूक. प्रौढ प्रवाशाला शुल्काविना दोन लिटरपर्यंत मद्य आणता येते, आणि ३३ सेंटिलिटरच्या सहा बाटल्या म्हणजे १.९८ लिटर, त्यामुळे सहा हा आकडा सोयीचा आहे. मंडळी त्या सहा बाटल्या मोज्यांत गुंडाळून सुखरूप आणतात आणि मग विमानतळावरून घरी पोहोचल्या रात्रीच, भावंडे आणि मित्र जमले आहेत म्हणून, सगळ्या उघडतात. प्रवासात हिंदकळून गाळ सगळ्या बिअरमध्ये पसरलेला असतो, बाटली गरम असते, आणि वर उल्लेख केलेल्या फ्रीजरच्या चुकीची पुनरावृत्ती होते. बाटल्या फ्रीजमध्ये उभ्या ठेवून दोन-तीन दिवस विसरून जाव्यात. मित्रांना पहिल्या रात्री पुण्या-मुंबईत मिळणारी ताजी स्थानिक क्राफ्ट बिअर पाजावी; ती त्यांनाही आवडेल आणि तिला प्रवासाचा शीणही नसेल.